नऊ नाही, पावणेदहा

मागच्या उन्हाळ्यात कवेलू फेरताना रुपराव कौलारू छपरावरून घसरले आणि खांदा मोडून बसले. त्या दिवशीच वंदनाने ठरवलं, सासऱ्यांना पुन्हा वर चढू द्यायचं नाही. पण कन्हानच्या त्यांच्या घरावर वानरांच्या उड्या काही थांबेनात. कवेलू फुटायचे, आणि फुटले की रुपराव शिडी शोधू लागायचे. दुसऱ्या कोणाच्या हातचं काम त्यांना पटत नसे.

शेवटी वंदनाने आणि तिच्या नवऱ्याने, रविंद्रने, पत्रे टाकायचं नक्की केलं. रुपराव एवढंच म्हणाले, "पत्रा तापते." खालून सिलिंग लावू असं वंदनाने सांगितल्यावर ते ओट्यावर जाऊन बसले. राजी झाले की रुसले, ते कळलं नाही.

जरीपटक्यातल्या एका दुकानात पत्रे मशीनवर हव्या त्या लांबीचे कापून मिळत. वंदनाने अंगणात, घराच्या बाजूच्या भिंतीलगत, टेपने माप घेतलं. आढ्याखालच्या जागेपासून भिंतीपर्यंत, आणि पुढे वळचण जिथे संपते तिथपर्यंत, जमिनीवर नऊ फूट भरले. तेच तिने दुकानदाराला, अमोलला, फोनवर सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोलचा फोन आला. "वहिनी, छपराची ढाल किती आहे? फुटामागे किती इंच चढते ते सांगा. त्याच्यावरून आढ्यावरची पत्र्याची टोपी वाकवा लागते. दुपारी तुमचं काम मशीनवर घेतो."

रविंद्र रामदासपेठेतल्या दवाखान्यात ड्युटीवर होता. फोन ठेवते न ठेवते तोच रुपराव शिडी घेऊन अंगणात.

"मामाजी, कुठं चालले?"

"ढाल पाहिजे ना त्याले? मी वर जाऊन मोजतो."

"वर काहून जावं लागते? वासे तर घरातूनही दिसतात. तुम्ही शिडी धरा, मी माळ्यावर चढते."

रुपराव मागे वळले. शिडी घरात आणली आणि चांगल्या हाताने धरून उभे राहिले.

माळ्यावर भट्टीसारखं तापलं होतं. वंदनाने शेजारच्या गवंड्याकडून आणलेल्या पाणसळीचं एक टोक वाशाला टेकवलं आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत पट्टी सरळ केली. पट्टीवर एक फूट मोजला, आणि तिथून सरळ वर वाशापर्यंत टेप धरला.

"किती वं?" खालून आवाज आला.

"पाच इंच!"

काम झालं होतं. पण टेप हातात होता म्हणून तिने सहज वाशाच्या अंगानेही, पट्टी टेकली होती तिथपासून टेप पोचला होता तिथपर्यंतचं अंतर मोजलं. तेरा इंच. तिने पुन्हा मोजलं. तेराच.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, "खाली एक फूट चाललं, तर छपरावरून तेरा इंच होते."

"होईलच ना. छप्पर चढते."

"अन् मी पत्र्याचं माप जमिनीवरून दिलं."

रुपराव खाली बोटं मोजू लागले. मग रुपराव म्हणाले, "फुटामागं एक इंच. म्हणजे नऊ इंच आखूड पडते. सारी वळचण उघडी. भिंत मातीची आहे पोरी, उतर लवकर."

अमोल फोन उचलेना. वंदनाने स्कूटी काढली. कामठीच्या रस्त्यावर ट्रकमागून ट्रक, वर ऊन, आणि डोक्यात एकच: कापलेला पत्रा काही लांब होत नाही. रविंद्रला काय सांगायचं? आणि मामाजींना? ज्यांनी एवढ्या वर्षांत एक भिंत भिजू दिली नाही, त्यांच्या घराचं माप आपण चुकवलं.

दुकानाशी पोचली तेव्हा मशीन धडधडत होती आणि विटकरी रंगाचे पत्रे बाहेर येत होते. तिने निवडलेला तोच रंग. ती आत धावली.

"अमोलभाऊ, थांबवा! माप चुकलं!"

अमोलने मशीन बंद केली. "तुमचं कुठं कापून राहिलो, वहिनी? हे दुसऱ्याचं आहे. तुम्ही ढाल सांगितली नाही, तर तुमचं काहून घेऊ?"

वंदना तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मटकन बसली आणि एकदम हसायलाच लागली. डोळ्यांत पाणीही आलं. अमोलने थंड पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती अर्धी संपवली, मग सांगितलं, "नऊ नाही, पावणेदहा. फुटामागं पाच इंच चढते."

अमोलने खडूने फरशीवर त्रिकोण काढून पडताळलं आणि मान हलवली. "बरोबर आहे."

तिने घरी फोन लावला. रुपरावांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"कापले नव्हते, मामाजी."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "सावकाश ये मंग. ऊन लय आहे."

आठवड्याभरात पत्रे बसले. वळचण भिंतीच्या पुष्कळ बाहेर आली. काम संपल्यावर रुपराव खालूनच घराभोवती एक चक्कर मारून आले, आणि वंदनाने दिलेला चहा घेऊन ओट्यावर बसले.

"एक सांगू का तुले?" ते म्हणाले. "पडल्यापासून शिडीले हात लावला की मले भेव वाटे. पण म्हणू कोणाले?"

"मले म्हणायचं होतं ना."

"आता म्हटलं ना," रुपराव म्हणाले, आणि बशीतला चहा फुंकत पाय लांब करून बसले.