उशिरा पडणारं पाऊल

"तू आधी कुठेतरी बूड टेक बघू," ताई म्हणाली. "तुझ्या येरझाऱ्या बघून मलाच गरगरायला लागलंय."

ती काही टेकली नाही. घरात तिला लहानपणापासून भिंगरीच म्हणत. खरं नाव बँकेत आणि पासपोर्टावर तेवढं उरलं होतं. प्रयोगशाळेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिच्या फेऱ्या चालल्या होत्या. मध्येच कॅमेरा उचलायची, ठेवायची, पडदा सरकवायची, परत होता तिथे आणायची. खोलीच्या मधोमध लाकडी फळ्यांवर ताई अनवाणी उभी होती आणि डॉक्टरीणबाई तिच्या पोटऱ्यांवर नाण्याएवढ्या चकत्या चिकटवत होत्या. स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज उठते. ती या चकत्या टिपत आणि संगणकावर तिची रेघ उमटे. कोपऱ्यात बसलेला संगीतकार त्या रेघांचे लगोलग सूर करणार होता. ताईने नाचायचं, तिच्या पायांनी गायचं आणि भिंगरीने ते चित्रात पकडायचं, असा हा सिनेमा.

भिंगरीने पदार्थविज्ञान शेवटच्या वर्षाला सोडलं होतं, मग गाणं धरलं, गाण्यावरून चित्रकलेकडे गेली आणि तिथून कॅमेऱ्याकडे. "एक ना धड, भाराभर चिंध्या," वडील म्हणायचे. ताईचं बरोबर उलटं. सातव्या वर्षी नाचायला उभी राहिली ती पन्नाशी आली तरी उभीच. स्वतः नाचली, इतरांना शिकवलं आणि दुसऱ्या कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. या सिनेमासाठी भिंगरीने तिच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या. शेवटी ताई म्हणाली होती, "बरं बाई, लाव तुझ्या त्या टिकल्या."

ताई नाचू लागली. खोलीत पहिल्यांदा नुसती घरघर उठली, मग तिच्यातून सूर वेगळे झाले, उजव्या पायाचे जाड आणि डाव्याचे पातळ. भिंगरी कॅमेऱ्यामागे श्वास रोखून होती. गिरकी संपवून ताई डाव्या पायावर आली आणि सूर किंचित अडखळला. कुणी बोलता बोलता आवंढा गिळावा तसा.

"हे काय आलं?" संगीतकार पुटपुटला. "परत घ्या ना ते."

परत घेतलं. तिथेच अडखळला. तिसऱ्यांदाही तिथेच. भिंगरीच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती ज्याच्या मागे पळत होती ते हेच, असं तिला वाटलं. डॉक्टरीणबाई मात्र रेघ मागे-पुढे सरकवून परत परत तपासत होत्या.

दुपारी त्यांनी भिंगरीला बाहेर व्हरांड्यात गाठलं. "डाव्या पायाला निरोप उशिरा पोचतोय. थकव्याने असं होत नाही. माझी डॉक्टरी संशोधनातली, रोगी तपासायची नाही, त्यामुळे रोगाचं नाव मी घेणार नाही. पण ताईंना चांगल्या डॉक्टरांना दाखवा, आणि लवकर. तुम्ही बोलता, की मी बोलू?"

"मी बोलते," भिंगरी म्हणाली. "उद्याचं चित्रीकरण आटपलं की."



घरी पोचल्यावर भिंगरीला चैन पडेना. जेवायला बसली, उठली. खिडकी उघडली, लावली. उद्या सांगितलं काय आणि परवा सांगितलं काय, एका दिवसाने काय असं आभाळ कोसळणार आहे, असं ती स्वतःला बजावत होती, आणि आपण कशासाठी थांबतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं.

सकाळी ताई चपला काढून फळ्यांवर आली. कॅमेरा सुरू झाला. ताईने हात उचलले आणि भिंगरी म्हणाली, "ताई, थांब." कॅमेरा बंद करून ती फळ्यांवर जाऊन बसली आणि तिने होतं ते सगळं सांगितलं. हकिगत सरळ येईना. मागचं पुढे, पुढचं मागे होत होतं.

ताई आपल्या पायाकडे बघत म्हणाली, "हल्ली डाव्या पायातली चप्पल निसटते. मला वाटलं, चपलाच सैल. दोनदा नव्या घेतल्या गं मी."

पुढचे महिने इस्पितळांत गेले. आजार हळूहळू सरकणारा होता, पण मागे फिरणारा नव्हता. ताईने मोठ्या मुलींचा वर्ग आपल्या जुन्या विद्यार्थिनीकडे सोपवला आणि स्वतः खुर्चीत बसून लहानग्यांना शिकवू लागली.

सिनेमा जुळवून झाला तेव्हा भिंगरीने तिला संकलनाच्या खोलीत नेलं. तो तुकडा आला. गिरकी, डावा पाय, अडखळलेला सूर. ताईने तो दोनदा बघितला.

"हा काढ."

"ताई, अख्ख्या सिनेमाचा जीव आहे त्यात."

"असेल. पण लोक नाच बघणार नाहीत, आजार बघतील. कीव गोळा करायला नाचले का मी एवढी वर्षं?"

"कुणाला काही कळणार नाही. सांगतंय कोण? त्यांना तो सूरच वाटेल."

"मला कळेल ना."

भिंगरी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. "त्यांची समजूत घाल," संगीतकार म्हणत राहिला, "असं काही परत मिळत नसतं." परत मिळत नसतं हे तिला सांगायला नको होतं. एका सकाळी तिने दार लावून घेतलं आणि तो तुकडा आपल्या हाताने काढला. त्या जागी दुसरं काय काय लावून पाहिलं, काहीच बसेना. शेवटी तिने दोन्ही टोकं तशीच जोडून टाकली.

पहिल्या खेळाला लोक बऱ्यापैकी आले. टाळ्याही झाल्या. एक म्हातारे समीक्षक बाहेर पडता पडता तिच्यापाशी थांबले. "चांगलं आहे. पण मध्ये काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं."

"हो," ती म्हणाली.

दालनात छायाचित्रकाराने दोघी बहिणींना उभं केलं. ताईने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि धाकटीच्या खांद्यावर हात टाकला. "अशाच राहा, हलू नका," छायाचित्रकार म्हणाला. ताईची मान ताठ झाली, हनुवटी किंचित वर आली, रंगमंचावर यायची तशी. हळूहळू तिचा सगळा भार भिंगरीच्या खांद्यावर आला. भिंगरीने पाय घट्ट रोवले.

छायाचित्रात त्यातलं काही दिसत नाही. दोघी जवळजवळ उभ्या आहेत, इतकंच.