नकाराच्या अध्यायाची साखर

पान उलटण्यापूर्वी नलूमावशी क्षणभर थांबायची, आणि त्या थांबण्यालाही आवाज असायचा. दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून तिने पुस्तकाला आवरण घातलं होतं. ते तिच्या बोटांखाली हलकेच कुरकुरायचं, मग जिभेला लावलेलं बोट कागदाच्या कोपऱ्यावर टेकायचं, आणि पान उलटलं की आम्ही सगळ्याजणी नकळत रोखलेला श्वास सोडायचो. बाहेर श्रावणातली ऊन-सावली चाललेली असायची. मिठागरांकडून येणारा खारट, ओलसर वारा पडदा फुगवून आत शिरायचा, आणि तिच्या किंचित घोगऱ्या, शेवटच्या अक्षरावर ठाम टेकणाऱ्या आवाजात विलायतेतल्या कुठल्याशा धुकट टेकडीवरून एक मुलगी मान ताठ ठेवून चालू लागायची.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या तीन मजली सोसायटीत नलूमावशी सगळ्यात वर राहायची आणि मी तिच्या बरोबर खाली. नात्याने ती माझी कुणीच नव्हे. अंगाने काटक, नाकाने धारदार, आणि हसली की एका बाजूने हसणारी; जणू दुसरी बाजू तिने गरज पडली तर असावी म्हणून राखून ठेवली होती. उमेदीची सारी वर्षं तिने एका औषध कंपनीच्या कचेरीत साहेबांची वाक्यं लघुलिपीत उतरवण्यात घालवली. निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, आता मी बोलणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आम्हाला वाटलं, थट्टा करतेय.

तिचे यजमान गेले त्या वर्षी आषाढात तिची जाऊ दादरहून एक पोथी घेऊन आली. चातुर्मासाचा काही नेम धर, रोज एक अध्याय वाच, मनाला शांती लाभेल, असं तिचं म्हणणं. बाईचा हेतू चांगलाच होता. पण नलूमावशीने पोथी डोक्याला लावून देव्हाऱ्यात ठेवली आणि कपाटाच्या तळातून कॉलेजात असताना घेतलेली एक जुनी इंग्रजी कादंबरी बाहेर काढली. "मला शांती नकोय गं," ती जावेला म्हणाली, "मला सोबत हवीय. माझा नेम हाच." जाऊबाई चहा अर्धा टाकून गेल्या.

तर असा तो नेम सुरू झाला. दर चातुर्मासात तेच पुस्तक, रोज दुपारी एक अध्याय, इंग्रजीतून डोळ्यांनी वाचायचा आणि तोंडाने मराठीत सांगायचा. वाचण्यापूर्वी समई नाही, पण हातपाय धुतलेले. अध्याय मधे तोडायचा नाही, ऐकणारीने मधे उठायचं नाही. आधी मी एकटीच जात असे; मग समोरच्या सावंतकाकू येऊ लागल्या, मग खालच्या शहाबेन, मग ज्यांना दुपारची झोप प्रिय होती त्याही आल्या. कादंबरीतल्या मेजवानीत नलूमावशी बिनदिक्कत अळूवडी वाढायची, आणि तिथली खडूस आत्या बोलू लागली की आवाज हुबेहूब आपल्या जावेचा काढायची.

मुलुंडच्या बायकांना त्या पुस्तकाचं काय एवढं, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. का नसावं? लिहिणारीला जाऊन युगं लोटली, तिचं घर, तिची माणसं, तिची भाषाही जुनी झाली, तरी जगभर कुणी ना कुणी ते उशाशी घेऊन झोपतंच ना? गोष्ट म्हटली तर साधी. मागणी घालणारा धनवान आहे, हुशार आहे, आवडावा असाही आहे. पण तो सगळं आधीच ठरवून येतो, आणि मुलगी त्याला नाही म्हणते. पुढे यथावकाश सगळं जुळतं, लग्नही होतं. पण आमच्या खोलीतल्या किती जणींना आयुष्यात 'नाही' म्हणायची संधी मिळाली होती? आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणूनच पहिल्या वर्षी तो घोटाळा झाला. नकाराचा अध्याय संपला, नलूमावशीने पुस्तक मिटलं, आणि गोष्ट इथेच संपली अशा समजुतीने सावंतकाकू उठल्या. त्या मूळच्या मालवणच्या. आनंद झाला की शहरातली भाषा त्यांना पुरत नाही. "जिकला गो चेडू!", पोरगी जिंकली, म्हणत त्या घरी धावल्या आणि साखरेचा डबा घेऊन परत आल्या. प्रत्येकीच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर पडली. अर्धं पुस्तक अजून बाकी आहे हे कळल्यावर त्या वरमल्या खऱ्या, पण नलूमावशीचे डोळे भरून आले होते. तिने जाहीर केलं की समाप्ती आजच. तेव्हापासून आमच्याकडे प्रसाद वाटला जातो तो नकाराच्या अध्यायाला. लग्नाचा अध्याय आम्ही चहाबरोबर उरकतो.

मग तिचे डोळे गेले. एकदम नाही, आधी ओळींच्या मधोमध एक करडा डाग आला, मग तो पसरत गेला. वाचन बंद करा, डॉक्टर म्हणाले. पुण्याहून तिचा मुलगा अभय फोन करू लागला. मुलगा वाईट मुळीच नाही. त्याने तिच्यासाठी खोली रंगवून घेतली, मुलुंडचं घर भाड्याने द्यायचं पक्कं केलं, दिवाळीपूर्वी आईला घेऊन जातो असं आम्हा सगळ्यांना परस्पर सांगूनही टाकलं. फक्त तिला विचारायचं राहिलं. ती ऐकून घ्यायची आणि गप्प राहायची. तिला असं गप्प आम्ही कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटू लागली की ही आता जाणार.

भाद्रपद उतरणीला लागला होता. ऊन पिवळं, तिरपं झालं होतं. नेमका नकाराचा अध्याय होता त्या दुपारी अभय गाडी घेऊन आला. त्याच्या हातात रिकामी सूटकेस होती.

"आई, आवरायला घे. आणि पुस्तकाचं म्हणशील तर मी तुला मोबाइलवर ऐकायला लावून देईन ना."

"बस," ती म्हणाली. "अध्याय मधे तोडायचा नसतो."

तो सतरंजीच्या कडेला, शहाबेनच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसला. नलूमावशीने पुस्तक उघडलं. तिला अक्षर दिसत नव्हतं हे आम्हाला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. तरी ती नेहमीसारखी पान उलटत गेली, आणि प्रत्येक वेळी जिथे उलटायला हवं तिथेच. आवाज मात्र चढत नव्हता. उलट तो इतका संथ, इतका स्वच्छ झाला की रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाकही आमच्यातूनच आल्यासारखी वाटावी. मागणी घालणारा बोलून थांबला. मुलगी उभी राहिली. आणि मग नलूमावशीच्या तोंडून अशी वाक्यं आली जी इतक्या वर्षांत आम्ही कधीच ऐकली नव्हती.

"तुझी माया खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ती तुझ्या सोयीची आहे, माझ्या नाही. मला कुठे ठेवायचं ते तू ठरवलंस. मी कुठे राहणार, ते मी ठरवणार."

विलायतेतली मुलगी एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे करत नाही, हे आम्हाला पाठ होतं. अभयची मान खाली गेली होती. तेवढ्यात सावंतकाकूंनी डब्याचं झाकण उघडलं आणि कुणाचीही परवानगी न घेता पहिली चिमूट त्याच्याच तळहातावर ठेवली. "घे रे झिला," त्या म्हणाल्या, "प्रसादाक नाय म्हणा नये."

त्याने साखर तोंडात टाकली. मग लहान मुलासारखं विचारलं, "आई, हे पुस्तकात आहे?"

"या वर्षीपासून आहे," नलूमावशी म्हणाली.

सूटकेस रिकामीच परत गेली. पुढचे दोन चातुर्मास ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या खिडकीशी बसून पाठ झालेले अध्याय सांगत राहिली, आणि नंतर एका थंडीत, आपल्याच अंथरुणात, कुणालाही न विचारता गेली. पुस्तक अभयने माझ्या हाती दिलं. आता मी वाचते. नकाराच्या अध्यायाशी येते तेव्हा आधी छापलेलं सगळं सांगून होतं, मग मी थांबते, आणि तिची ती वाक्यं माझ्या आवाजात बोलते. पान कोरंही नसतं तिथे, सरळ पुढची ओळ असते. तरी आम्ही बारा गावचं पाणी प्यायलेल्या बायका ती वाक्यं गाळू देत नाही. काळाने खुशाल शाई उडवावी, कागद पिवळा करावा, माणसं उचलून न्यावीत. जे छापलंच गेलं नव्हतं, ते तो कुठून पुसणार आहे?