बहिणींची झबली

तिसरीतल्या ऋतुजाला इंग्रजीचा गृहपाठ होता: घरात दोघा-तिघांच्या मालकीचं काय काय आहे, ते लिहा. तिने आधी “पेरेंट्स’ रूम” लिहिलं आणि खाली “सिस्टर्स’ यलो झबलाज”.

वहीत डोकावणाऱ्या तिच्या आईचं, सविताचं लाटणं थांबलं. ऋतुजा एकुलती एक. तिच्याआधीच्या जुळ्या मुली जन्मताच गेल्या, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. बाळ येण्याआधी नवं शिवू नये म्हणतात, तरी सविताने हौसेने दोन पिवळी झबली शिवली होती. नंतर गुपचूप गोदावरीत सोडली.

“कुणी सांगितलं गं तुला?”

“त्याच म्हणाल्या, आमचंही लिही की.”

सविताने खोडरबर उचलला.

“खोडू नको ना आई! त्यांचं एवढंच तर आहे घरात.”

सविताने खोडरबर ठेवला. “बरं, विचार त्यांना,” ती हळूच म्हणाली, “थंडी तर नाही ना वाजत?”