घरच्या माणसाचे आभार

श्रीनिवासराव आपल्या क्रिकेटबद्दल बोलायला लागले, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणा दुसऱ्याचीच चेष्टा चालली आहे. "पुण्याच्या संघात मी कायमचा बारावा," ते म्हणत. "पण मैदानात पाणी नेण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता."

अशा माणसाला उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीगावाच्या क्लबाने पगार देऊन खेळायला बोलावलं. एकदा नव्हे, अठरा उन्हाळे. तिथल्या रिवाजाप्रमाणे संघात पगारी खेळाडू एकच. बाकीचे दहा जण खाटीक, मास्तर, गिरणीतले कारागीर. "दहा हौशी लोकांत एक पगारी म्हणजे तो आपोआप थोर. माझा चेंडू वळायचा तिथल्या मऊ जमिनीमुळे. श्रेय मी घ्यायचो, कारण जमिनीची मुलाखत कोणी घेत नाही."

एप्रिल उजाडला की ते निघायचे, ते नवरात्राच्या तोंडावर परतायचे. तेवढे महिने कर्वेनगरच्या घरात आनंदीबाई आणि लहानगी सुनीती, दोघीच. तिकडे ते एडनाबाईंच्या घरी माडीवरच्या खोलीत राहत. एडनाबाई ही क्लबाच्या चहापानाचं बघणारी विधवा. पाहुणा मांस खात नाही हे कळल्यावर तिने पहिल्या सकाळी बशीतले डुकराच्या मांसाचे तुकडे उचलले आणि खालचं अंडं तेवढं त्यांच्यापुढे सरकवलं. अंडंही चालत नाही म्हटल्यावर ती खुर्चीत बसून राहिली, आणि मग उठून बटाटे सोलायला लागली. श्रीनिवासरावांची सारी कारकीर्द त्या बटाट्यांवर झाली.

आता त्या क्लबाला शंभर वर्षं होत होती. समारंभात श्रीनिवासरावांनी पुण्याहून, संगणकाच्या पडद्यावरून, चार शब्द बोलावेत असं कमिटीने कळवलं होतं. ते खुलले. गुडघे गेले होते, त्यामुळे तिकडे जाणं आता होणार नव्हतं. एडनाबाईंनी नव्वदी ओलांडली होती. ज्या गावाने एवढं आयुष्य दिलं, त्याला धन्यवाद म्हणायचे राहून गेले होते, आणि पुन्हा संधी येईल असं धरून चालण्यात अर्थ नव्हता.

भाषण तयार करून त्यांनी सुनीतीला वाचून दाखवलं. आनंदीबाई गेल्यावर ती त्यांच्याकडेच राहायला आली होती.

"बाबा, यात खेळपट्टीवर रोलर फिरवणाऱ्याचे आभार आहेत. पंचांचे आहेत. बसच्या कंडक्टरचेसुद्धा आहेत. एडनाबाई कुठे आहेत?"

"त्या घरच्या."

"म्हणून?"

"घरच्या माणसाचे आभार मानले की ते परकं होतं. तुझ्या आईचे मानले का मी कधी?"

"नाही मानलेत," सुनीती म्हणाली.

श्रीनिवासरावांनी कागद पुन्हा चष्म्यासमोर धरला आणि वाचलेलंच परत वाचत बसले.

ठरलेल्या संध्याकाळी ते क्लबाचा जुना टाय बांधून बसले. खाली धोतर आहे ते पडद्यावर दिसणार नाही, याची त्यांनी सुनीतीकडून दोनदा खात्री करून घेतली. तिकडे दुपार होती. दालन भरलेलं दिसत होतं आणि पहिल्या रांगेत, चाकांच्या खुर्चीत, निळी टोपी घालून एडनाबाई बसल्या होत्या.

भाषण बरं झालं. लोक हसायला हवे तिथे हसले. कंडक्टरचं नाव आलं तेव्हा मागून कोणीतरी शिट्टी मारली. श्रीनिवासरावांनी कागदाची घडी घातली. टाळ्या थांबल्या, तशा एडनाबाई बोलल्या. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच.

"झालं तुझं, सिड?" श्रीनिवास या नावाचं तिकडे पहिल्याच दिवशी सिड झालं होतं.

"झालं."

"कंडक्टरचेसुद्धा मानलेस."

श्रीनिवासरावांनी संगणकाच्या आडोशाला बसलेल्या सुनीतीकडे पाहिलं. तिने मदत केली नाही.

"एडना," ते म्हणाले, "आमच्याकडे घरच्या माणसाला थँक यू म्हणत नाहीत. म्हटलं तर त्याला वाटतं, आपल्याला पाहुणा समजतोय. मी पहिल्याच उन्हाळ्यात तुला घरचं धरलं. तुला विचारायला विसरलो."

एडनाबाई म्हणाल्या, "आणि मी शेजारणीला सांगत आले, पोरगा सोन्यासारखा आहे, पण वळण लावलेलं नाही."

"शेजारीण काय म्हणाली?"

"म्हणाली, बटाटे बंद करून बघ."

दालन हसलं, श्रीनिवासरावही हसले. मग ते टाय सारखा करून सरळ बसले. "थँक यू, एडना," ते म्हणाले. शब्द नवीन बुटासारखा करकरला. "अठरा उन्हाळ्यांचे. बटाट्यांसकट."

"मिळाले," एडनाबाई म्हणाल्या. "आता आनंदीला बोलाव. मलाही तिचे मानायचेत. दरवर्षी आपला नवरा तिने मला उसना दिला."

आनंदीबाई गेल्याचं श्रीनिवासरावांनी तिकडे कोणालाच कळवलं नव्हतं. कळवायचं म्हटलं की इंग्रजीत वाक्य जुळत नसे, असं ते सुनीतीला सांगत.

"ती नाही आता," ते म्हणाले. "थंडीत गेली."

एडनाबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग मी कोणाला सांगू?"

"मुलगी आहे इथे. तिला सांग."

सुनीतीला पडद्यासमोर यावंच लागलं. त्या म्हाताऱ्या बाईने तिच्याकडे नीट बघून, एकेक शब्द तोडून आभार मानले. वडिलांच्या वाटचे राहिलेले, आईच्या नावाचे, एका लहान मुलीच्या तितक्याच उन्हाळ्यांचे.

"आई असती तर," सुनीती इंग्रजीत म्हणाली, "तिने विचारलं असतं, परत कशाला पाठवलात?"

तिकडे हशा उसळला. इकडे सगळ्यात मोठ्याने श्रीनिवासराव हसले, आणि हसणं थांबेना. चष्मा काढला तरी थांबेना. खांदे हलत होते. आवाज तुटत पोचत असल्यामुळे तिकडच्या लोकांना ते हसूच वाटलं. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

सुनीतीने संगणक हळूच आपल्याकडे वळवला. आता पडद्यावर ती एकटीच दिसत होती. तिने एडनाबाईंना विचारलं, तिकडे हवा कशी आहे. इंग्रज माणूस या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, हे तिने वडिलांकडूनच ऐकलं होतं.