हवेतला पाय

त्या नाचाच्या हॉलचा मला वीट आलाय, हे आधीच सांगून टाकते. घामट पायमोज्यांचा आंबूस वास, केसांवर मारलेल्या फवाऱ्याचा गोडगोड दर्प, खिडकीत कुणीतरी विसरलेली केळ्याची साल. आणि कोपऱ्यात माझा पियानो. सगळ्या पोरी येताजाता त्याच्या पट्ट्यांवर चिकट बोटं फिरवून जाणार. मी रोज आधी ओल्या फडक्याने पट्ट्या पुसते आणि मगच बसते. फडकं काळं होतं. शी!

पण काम मला येतं, तिथे कुणी नावं ठेवून दाखवावीत. नाचाच्या बाई कुठलाही नवा कागद समोर टाकतात आणि टाळी वाजवतात. पहिल्या टाळीला मी सुरू. कधी न पाहिलेलं नोटेशन बघत बघत तेव्हाच वाजवणं म्हणजे सुटलेल्या बसमागे धावत तिची पाटी वाचणं. डोळे पुढच्या ओळीवर, हात मागच्या. सूर चुकला तर चुकला, हातात मावला नाही तर सोडला, पण थांबायचं नाही. तुम्ही थांबलात की समोर एक पाय हवेत धरून उभ्या असलेल्या सगळ्या पोरी धडाधड कोसळतात.

आता माझं मनगट गेलंय. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणून माझ्या जागी बिट्टीला घ्या, म्हणून मी बाईंच्या मागे लागले होते. बिट्टी म्हणजे माझ्या ताईची मुलगी. शिकायला म्हणून माझ्याकडे आली ती इथेच राहिली. वाचण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. कॉटवर लोळत, पियानोला हातही न लावता, ती नोटेशन असं वाचते जशी काही कादंबरी. मधेच खुदकन हसते.

"काय गं?"

"अगं, डावा हात उजव्याच्या चहाड्या करतोय इथे!"

सगळं तिला डोक्यात ऐकू येतं. मला नाही येत बाई. मला बोटांखाली आल्याशिवाय काही कळत नाही. पण हिला पियानोवर बसवा आणि समोर नवा कागद ठेवा, की संपलं. एक सूर चुकला की थांबणार, मागे जाणार, तो नीट करणार, मग पुढे. पुन्हा चुकला, पुन्हा मागे. पियानोच्या परीक्षेत याच्यावरच दोनदा नापास झाली. तेव्हापासून लोकांसमोर वाजवणं सोडलं. मी मागे लागले तेव्हा म्हणाली, "मावशी, तुझ्यासाठी एकदा बसते. इथेही नाही जमलं तर झाकण लावलं, कायमचं." ती बोलते ते करते. म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

बाईंनी कागद ठेवला, टाळी दिली. पहिली ओळ बिट्टीने अशी वाजवली की मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. दुसऱ्या ओळीत एक बोट घसरलं. थांबली. पोरींचे पाय वर. एक डुलली, तिने दुसरीला धरलं, दुसरीने तिसरीला, आणि अख्खी रांग खाली आली.

"थांबू नका हो!" बाई ओरडल्या.

"पण तो सूर चुकला होता."

"चुकू दे ना! कोण ऐकतंय?"

"मग तो लिहिलाय कशाला?" बिट्टी म्हणाली.

उद्धटपणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं. मला मात्र असा संताप आला! मेली, पोटापाण्याच्या जागी कसले प्रश्न विचारतेस? आणखी दोनदा रांग पडली. मग बाईंनी तोंड वाकडं केलं आणि बाहेर बसलेल्या माणसाला हाक मारली. म्हणजे दुसरा उमेदवार आधीच आणून ठेवला होता!

तो एका हॉटेलच्या लॉबीत वाजवतो. मी त्याला ठोक्या म्हणते. आला, तोंडातलं च्युइंगम काढलं आणि माझ्या पियानोच्या खाली चिकटवलं. माझ्या डोळ्यांदेखत! पट्ट्या पुसणं तर लांबच. बाईंनी त्याच्यासमोर माझा वॉल्ट्झ ठेवला, तीन-तीन मात्रांचं गिरक्यांचं गाणं. वर्गाच्या शेवटी तो मी वर्षानुवर्षं वाजवत आलेय. ठोक्याने तो कधी पाहिलेला नव्हता. टाळी झाली आणि डाव्या हाताने धब-चक-चक, धब-चक-चक सुरू झालं. वरचं गाणं तेवढं ठेवलं, मधलं सगळं गाळलं. पोरी मजेत गिरक्या घेत होत्या.

मी बिट्टीच्या कानात म्हटलं, "काय घाण वाजवतोय! अर्धे सूर गिळले मेल्याने."

ती माझ्याकडे बघायला लागली. "का गं? अगदी तुझ्यासारखाच तर वाजवतोय."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी परतवला असता. मी पुन्हा ऐकलं. जिथे मी सोडते तिथेच तो सोडत होता.

जागा ठोक्याला मिळाली. माझे कागद पिशवीत कोंबून मी बिट्टीबरोबर घरी आले. घरात शिरल्या शिरल्या तिने आमच्या पियानोचं झाकण लावलं, त्यावर दोरीवरचे वाळलेले टॉवेल आणून घड्या रचल्या आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली.

मला ठोक्याचा राग आला होता, बाईंचा आला होता, पण खरा काटा भलतीकडेच रुतला होता. टॉवेल मांडीवर घेतले, झाकण उघडलं आणि वॉल्ट्झचा कागद समोर लावला. आज टाळी नाही, पोरी नाहीत. काय गिळतो आम्ही, बघू तरी. सावकाश, लिहिलंय तेवढं सगळं. दोन्ही हातांच्या मधोमध बारक्या सुरांची एक ओळ होती. पहिल्या दिवशी टाळी पडल्यावर ती हातात मावली नाही म्हणून मी सोडली असणार. तरी नाच नीट झाला, मग परत कोण उचलतंय? आता वाजवायला गेले तर बोटांचा गुंता झाला. पुन्हा केलं. पुन्हा गुंता. मनगटातून कळ आली.

आतून आवाज आला, "शी! मावशी, काय वाजवतेस हे!"

अगदी माझाच सूर, नाक मुरडण्यासकट.

"मग तूच सांग ना काय आहे ते, शहाणे!"

"अगं, ते मधलंच तर गाणं आहे! बाकीचं सगळं त्याच्यासाठी आहे. कान आहेत की भोकं? सरक!"

केस विस्कटलेली बिट्टी आली आणि ढुंगणाने ढकलून तिने मला स्टुलावरून उठवलं. वाजवायला लागली. वरचं गाणं तिने हलकं केलं, आणि खालून ते मधलं वर आलं. उदास होतं ते. नाचाचं नव्हतंच. इतकी वर्षं मी याच्यावर पोरी नाचवत होते आणि त्याची-माझी गाठसुद्धा पडली नव्हती. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचीही शिसारी आली.

मग तिचं एक बोट घसरलं. थांबली.

'थांबू नकोस' माझ्या ओठांवर आलं होतं. मी टॉवेल छातीशी धरून गप्प उभी राहिले. ती मागे गेली, तो सूर नीट केला आणि तिथून पुन्हा निघाली. इथे कुणाचा पाय हवेत नव्हता.