‘पाहिले’ म्हणणारा शिक्का

मी एक जुना लाकडी शिक्का आहे. उंचीने तुमच्या करंगळीएवढा. अंगावर दोन चिरा आहेत आणि तोंडाला कायमची जांभळी शाई आहे, ती धुतली तरी जात नाही. मेंग मॅडमच्या घरी, खिडकीजवळच्या खणात, चष्म्याच्या दोन रिकाम्या डब्यांशेजारी मी पडून असतो. एवढ्याशा ठोकळ्याची कसली आली जीवनकहाणी, असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण मित्रांनो, मी जेवढ्या मुलींच्या वह्या वाचल्या तेवढ्या या गावात कुणीही वाचल्या नसतील.

माझा जन्म कोरियातल्या तोंग्योंगच्या बंदरामागच्या एका चिंचोळ्या गल्लीत झाला. तिथे एक म्हातारा दिवसभर भिंग लावून माणसांची नावे लाकडात उलटी कोरत बसे. एके दिवशी काळ्या कोटातल्या एक तरतरीत बाई दुकानात आल्या. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला त्या नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्या म्हणजे मेंग मॅडम.

“काय कोरू? ‘खूप छान’ कोरू का? हल्ली मास्तर लोक तेच नेतात,” म्हाताऱ्याने विचारले.

“नको नको. शाबासकी दिली की पोरी डोक्यावर बसतात. नुसतं ‘पाहिले’ कोरा.”

“एवढंच?”

“एवढंच. खरं तेवढंच बोलावं माणसानं.”

आमच्या लिपीत त्याला एकच अक्षर पुरते. ते तोंडावर घेऊन मी टेकडीवरच्या शाळेत गेलो. खरे सांगतो, छाती फुगली होती माझी. लाल पेन बडबडे, पण शेवटचा शब्द माझा. मी उमटलो की वही मिटायची.

मेंग मॅडमचा नेम कडक होता. प्रत्येक मुलीने सोमवारी आणि शुक्रवारी इंग्रजीत दहा वाक्यांची रोजनिशी द्यायची. प्रत्येक चुकीला अर्धा गुण कमी. जे वाक्य चुकले ते दुरुस्त करून पुढच्या वेळी पानाच्या डोक्यावर तीनदा लिहून आणायचे. तीन वर्गांच्या मिळून एकशे बेचाळीस वह्या होत्या. तपासून झालेले पान इतके लाल दिसे की मुली पाठीमागे मॅडमना ‘गोचुजांग’ म्हणत, म्हणजे आमच्याकडचा मिरचीचा लालभडक लगदा. मॅडमना ते ठाऊक होते. मला वाटते, मनातून आवडतही होते.

शिक्षकांच्या खोलीत शेजारच्या टेबलाशी बांग सर बसत. ते कोरियन भाषा शिकवायचे. थंडी सुरू झाली की त्यांचे अर्धे लक्ष शेगडीवर भाजत ठेवलेल्या रताळ्यांकडे असे.

“मेंग मॅडम, किती रक्त सांडाल हो! काय केलंय त्या पोरींनी?”

“काय केलंय? हे ऐका. ‘यंदा मी आणखी एक वय खाल्ले.’ ही दुसरी. ‘बाबांकडून मी शिव्या खाल्ल्या.’ आणि ही म्हणते, ‘कुत्रा पाहून मी भीती खाल्ली’!”

बांग सर रताळे सोलता सोलता हसले. “बरोबरच आहे की! आपण सगळंच खातो. वर्ष सरलं की वय खातो, शिव्या खातो, ऊन लागलं तर ऊन खातो. काही ठरवलं तर मनसुद्धा खातो. इंग्रज बिचारे नुसता पाव खातात, त्याला कोण काय करणार?”

“तुम्ही भाषेचे मास्तर, तुम्हाला गंमत वाटते. परीक्षेत अर्धा गुण गेला की रडत माझ्याकडे येतात त्या.”

मित्रांनो, शिव्या तुम्हीही खाता, त्यामुळे तुम्हाला हसू आले असेल. पण एक गोष्ट तुमच्याकडे उलटी आहे. काही वाईट केले की तुमचे मन तुम्हाला खाते. आमच्याकडे माणूसच मन खातो. मन खाल्ले म्हणजे पक्के ठरवले, आता मागे फिरणे नाही.

बऱ्याच वर्षांनंतरच्या एका हिवाळ्यात बांग सरांच्या वर्गात सोलबी नावाची एक मुलगी होती. तीन वर्षांच्या शाळेत दुसऱ्या वर्षाची, अंगाने किरकोळ. शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी. तिच्या वहीला नेहमी समुद्राचा वास यायचा. तिची आई बंदरावरच्या शेडमध्ये कालवांचे शिंपले फोडायची. हिवाळा म्हणजे कालवांचा हंगाम. पहाटे चारला बायका लांबलचक टेबलाशी उभ्या राहतात, आणि आखूड सुरीने एकेक शिंपला उघडून आतले कालव टोपलीत टाकत जातात. प्रत्येकीची टेबलाशी जागा ठरलेली असते. ती सुटली की दुसरी कुणीतरी उभी राहते.

नोव्हेंबरात सोलबीने इंग्रजीत लिहिले, ‘आमच्या आईचा हात सुजला आहे.’ मॅडमनी ‘आमच्या’ खोडले, वर ‘माझ्या’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. आई सगळ्या घराची असली तरी इंग्रजीत ती एकट्याचीच लिहावी लागते म्हणे! मग मॅडमनी मला उचलून पानाच्या कडेला दाबले. पाहिले.

पुढच्या वेळी होते, ‘डॉक्टरने आमच्या आईचा हात कापला आणि शिवला.’ पुन्हा ‘आमच्या’ खोडले. वर प्रश्नचिन्ह, कारण ‘कापला’ला चुकीचे क्रियापद वापरले होते. पुन्हा मी. पाहिले.

तुम्हाला वाटेल, मॅडम दुष्ट होत्या. मुळीच नाही. एकशे बेचाळीस वह्या होत्या, सोमवारचा ढीग संपतो न संपतो तोच शुक्रवारचा यायचा. हळूहळू त्यांच्या डोळ्यांना नुसत्या चुका दिसू लागल्या. मी मात्र सगळे वाचत होतो. माझे तोंडच कागदावर घासते ना! पण बोलता येते एकच अक्षर. ते बोलायचे की नाही, हेही माझ्या हाती नाही. दर वेळी माझा जीव चरचरायचा. अहो, कसले पाहिले? कुणी पाहिले?

डिसेंबरातल्या एका सोमवारी सोलबीचे शेवटचे वाक्य असे होते. ‘शुक्रवारी शाळा सोडायची, असे मी मन खाल्ले आहे.’

ती शंभरावी वही असेल. मॅडमचे डोळे चुरचुरत होते. त्यांनी ‘मन खाल्ले’वर लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिले, ‘मन खात नाहीत! ठरवले आहे.’ अर्धा गुण गेला. मग मला उचलले. मी नेमका ‘शाळा’ या शब्दावर जाऊन बसलो. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड नसते तर बरे झाले असते.

शुक्रवार उजाडला. दुपारच्या जेवणानंतर मॅडमनी वह्यांचा नवा ढीग ओढला. डाव्या हातात मी, उजव्या हातात पेन. सोलबीची वही उघडली. नेमाप्रमाणे पानाच्या डोक्यावर दुरुस्त केलेले वाक्य तीनदा लिहिले होते, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात.

‘शुक्रवारी शाळा सोडायची, असे मी ठरवले आहे.’

पेन पहिल्या ओळीवरून सरकले. चूक नाही. दुसरीवरून सरकले. चूक नाही. तिसऱ्या ओळीवर पेन थांबले. खोडायला काहीच नव्हते, म्हणून मॅडमना ते वाक्य वाचावे लागले. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले.

“बांग सर, आज वार कोणता?”

“शुक्रवार. का हो?”

“सोलबी तुमच्याच वर्गातली ना? कुठाय ती?”

“तिसऱ्या तासानंतर पोट दुखतं म्हणून घरी गेली. जाताना कसलातरी कागद ठेवलाय माझ्या टेबलावर. सहलीचा असेल. बघतो आता, हात चिकट आहेत.”

मॅडमनी रताळ्यांची ताटली उचलली. खाली शाळा सोडण्याचा अर्ज होता. पालकाच्या रकान्यात, आमच्याकडे सहीऐवजी मारतात तसा, आईच्या नावाचा तांबडा शिक्का उमटलेला होता.

बांग सरांच्या हातातले रताळे तसेच राहिले. “अहो, माझ्या नाकाखाली ठेवून गेली की हो!”

“तुमच्या नाकाखाली नंतर. माझ्या हातात सोमवारपासून होतं,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. अर्ज घेऊन त्या धावत सुटल्या. पेन टाकले, पण मी डाव्या मुठीतच राहिलो. मला टेबलावर ठेवायचे त्यांना सुचलेच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी शाळेबाहेरचा वारा खाल्ला.

वहीतला आईचा हात आणि पानांचा समुद्री वास त्यांना आता आठवला असावा; टेकडी उतरून आम्ही थेट कालवांच्या शेडमध्ये पोहोचलो. आत शिंपल्यांचे ढीग, बायकांची लगबग, आणि टेबलाच्या टोकाला, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवलेली सोलबी. आईच्या जागेवर उभी होती.

“अगं बया! बाई, शाळेच्या आत घालायच्या सपाता घालूनच आलात?” एक ठसकेबाज बाई ओरडली. तिचे नाव ओकनाम. सगळ्याजणी तिला मावशी म्हणत आणि तिच्या जिभेला वचकून असत.

मॅडमनी खाली पाहिलेसुद्धा नाही. “सोलबी, हे काय गं?”

सोलबीने सुरी खाली ठेवली. घाबरलेली होती, आणि उलट उत्तर देण्यासारखी ती मुलगीच नव्हती. खरोखर जाणून घ्यायचे होते म्हणून तिने विचारले, “मॅडम, आता वाक्य बरोबर होतं ना? मी तीनदा लिहिलं.”

शेडमध्ये कुणाला काही कळले नाही. मला कळले. माझ्याभोवतीची मूठ घट्ट झाली आणि मॅडमच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागले.

“वाक्य बरोबर होतं गं,” त्या म्हणाल्या. “मी चुकले.”

मावशीने त्यांच्या हातातला अर्ज ओढून घेतला. तिला फारसे वाचता येत नव्हते, पण शिक्का ओळखता येत होता. “ऐ पोरी, हा शिक्का कोणी मारला?”

“आईनं.”

“तुझ्या आईनं? हा उलटा आहे! वरची बाजू कळावी म्हणून शिक्क्याला खाच असते, तुझी आई झोपेत मारील तरी सुलटा मारील. तिला पत्ता तरी आहे का?”

मी पाहिले. खरेच, नाव डोक्यावर उभे होते. माझ्याच जातीचा बिचारा, त्याच्याकडूनही खोटेच वदवून घेतले होते. सोलबी मान खाली घालून रडायला लागली. “आईला सांगितलं तर ती टाके पडलेल्या हातानं येऊन उभी राहील. डॉक्टर म्हणाले, दोन महिने पाण्यात हात घालायचा नाही. आणि मावशी, तोवर आईची जागा गेली तर?”

“कुठं जाईल जागा? पाय फुटलेत का तिला?” मावशी गरजली. “आणि आम्हाला काय सांगितलंस? तर शाळेला हिवाळाभर सुट्टी! आम्ही अडाणी म्हणून खपवलंस होय गं?” मग ती बायकांकडे वळली. “ऐकलंत का गं? आपण अकरा जणी आहोत. शेतावर लावणीला करतो तशी सावड करायची. रोज एकीनं आपलं आटपून तासभर हिच्या आईच्या जागेवर उभं राहायचं. हात बरा झाला की ती आपली फेड करील. कबूल?”

“कबूल!” बायका म्हणाल्या. एकीने वर पुस्ती जोडली, “पण अकरा जणींत दोन आठवड्यांचे कामाचे बारा दिवस भरत नाहीत. बारावी पाहिजे.”

“बारावी मी,” मेंग मॅडम म्हणाल्या.

बायका खो खो हसल्या. पण रविवारी पहाटे मॅडम खरेच गेल्या. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो. तासाभरात त्यांनी सतरा कालवे काढली, त्यातली पाच फाटली. मावशी म्हणाली, “बाई, कालव उघडताय की पेपर तपासताय? इतकं काय निरखून बघता!”

“तीच सवय लावून घेतेय,” मॅडम म्हणाल्या.

पण हे रविवारचे. त्या शुक्रवारी, शेडमधून निघून, मॅडम सोलबीला घेऊन तिच्या घरी गेल्या. वाटेत सोलबी कुजबुजली, “आई खूप रागावेल.”

“रागावेलच. आज शिव्या खाव्या लागतील तुला. खा. मीही खाते तुझ्याबरोबर.”

दोघींनी पोटभर खाल्ल्या. आईने आधी मुलीला झाडले, मग मॅडमना झाडले, मग डाव्या हाताने दोघींना गरम भात आणि समुद्री शेवाळाचे सूप वाढले. अर्ज तिने स्वतः चुलीत घातला.

सोमवारी सोलबी वर्गात होती. तिची वहीही ढिगात होती. दोन दिवसांची गडबड, धड झोप नाही, त्यामुळे दहा वाक्यांत बावीस चुका! मॅडमनी पेनाला टोपण तसेच राहू दिले आणि पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग पुन्हा वाचले. नंतर पेन उघडून दोनच चुका दुरुस्त केल्या. ‘आमच्या आई’ला हात लावला नाही. खाली लिहिले, ‘टाके कधी काढणार? मी येऊ का बरोबर?’ आणि मग मला उचलून अलगद दाबले. इतक्या वर्षांत मी इतका ठळक कधी उमटलो नव्हतो.

त्यानंतर मॅडमनी नेम बदलला. आठवड्यातून दोनदाऐवजी दोन आठवड्यांतून एकदा वही मागू लागल्या. वरिष्ठांनी कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, “मला वाचता येतील तेवढ्याच मागते.” सोलबी पुढच्या वर्षी शाळा पुरी करून बाहेर पडली. इंग्रजीत तिला फार गुण पडले नाहीत, पण पडले. पुढे वह्या जाऊन संगणक आले, मॅडमही निवृत्त झाल्या, आणि मी या खणात आलो.

मित्रांनो, माझी शाई आता वाळली आहे, पण मागणे एकच आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी शिक्षक व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी नुसते थोरले भाऊ-बहीण व्हाल. कुणीतरी मोडक्यातोडक्या भाषेत काहीतरी लिहून तुमच्यापुढे धरील. तेव्हा आधी ते वाचा. चुका नंतर काढा. चुका कुठे जात नाहीत, त्या तिथेच थांबतात. मुली मात्र शुक्रवारी निघून जातात.