त्रिफुनच्या दिवशी छाटलेली वेल

सकाळी कॉफीचा कप घेऊन दोन्का मागल्या दारी आली, आणि कप हातातून पडायचाच बाकी राहिला. तिचा बाप, शहाऐंशी वर्षांचा नउम, काळा कोट घालून शिडीवर चढला होता आणि मांडवावरची वेल छाटत होता. वेल म्हणजे काय सुकी काटकी होती? द्राक्षांचे घोस लगडले होते तिला! काही अजून हिरवे, काही जांभळे व्हायला लागलेले, तीन आठवड्यांत उतरवायचे. ते धपाधप खाली फरशीवर पडत होते.

"तातो! अरे, काय करतोस हे? उतर आधी खाली!"

"त्रिफुन आहे आज," नउम वरूनच म्हणाला. "सणासुदीला ओरडू नकोस."

त्रिफुन आहे हे तिला काय ठाऊक नव्हतं? चौदा फेब्रुवारी, वेलींच्या संताचा दिवस. पण तिकडे मायदेशी, बितोलाजवळच्या गावात या दिवशी गुडघाभर बर्फ असतो, वेली झोपलेल्या असतात, म्हणून तेव्हा छाटणी. इथे पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात, क्रिंगिलात, ऐन उन्हाळा. या घरात एक्कावन्न वर्षं नउमनं हा सण कसा केला होता? कोट घालायचा, वेलीच्या मुळाशी गेल्या वर्षीची वाइन ओतायची, क्रुसाची खूण करायची, एखादी वाळकी काडी नावापुरती कापायची आणि म्हणायचं, "पुरे. आपण कुठे राहायला आलोय ते संताला माहीत आहे." खरी छाटणी जुलैच्या थंडीत. एकदाही चूक नाही. आणि आज हे!

दोन्काला काळजी पडली ती द्राक्षांची नव्हे. गेल्या थंडीपासून बाप विसरायला लागला होता. कधी किल्ली, कधी घराची गल्ली. आई जाऊन चार वर्षं झाली, तरी परवा तिचं ताट वाढून वाट बघत बसला होता. जवळच्या वृद्धाश्रमात एक पलंग रिकामा झाला होता. शुक्रवारपर्यंत कागदावर सही करून द्यायची होती, आणि सही दोन्कानं करायची होती. आठवडाभर तिचं काही ठरत नव्हतं. बाप शुद्धीवर असेल तर त्याला त्याच्याच घरातून काढायचं कुठल्या तोंडानं? आणि नसेल तर ती कामावर गेल्यावर दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवायचं?

कुंपणापलीकडून शेजारच्या वासिल्काचं, सगळ्यांच्या तेताचं म्हणजे मावशीचं, डोकं वर आलं. सणाची म्हणून भाजी भरलेल्या पोळ्यांची परात हातात होतीच.

"अगं बाई! संतानं छाटता छाटता स्वतःचं नाक कापून घेतलं म्हणतात. तुझा बाप तर अख्ख्या आळीचं कापतोय! वाइनच्या पिंपात आता काय घालणार? माझे टोमॅटो?"

"तेता, गप बस गं जरा."

"मी बसते गप. त्याला कोण बसवणार? आमच्या ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी टोपी विसरले, मग मला." एवढं बोलून म्हातारीनं डोळे पुसले, परात कुंपणावर ठेवली आणि आत गेली.

दोन्कानं पर्थला राहणाऱ्या भावाला फोन लावला. किरो झोपेतून उठला होता.

"झालं तर मग! आणखी काय पुरावा पाहिजे तुला? कर सही."

"तू ये ना इथे. येऊन कर."

"माझ्यावर कशाला डाफरतेस? फळ लागलेली वेल छाटणारा माणूस शहाणा असतो का, तूच सांग."

तिनं फोन ठेवून दिला.

नउम अर्धा मांडव बोडका करूनच खाली उतरला. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, समोर बसली.

"तातो, कुठला महिना चाललाय?"

"फेब्रुवारी."

"हिवाळा की उन्हाळा?"

"घामानं निथळतोय मी, दिसत नाही? खुळा समजतेस काय मला?"

"मग द्राक्षं दिसली नाहीत तुला?"

"दिसली की. आंधळा आहे का मी?"

त्याचं एक जरी उत्तर चुकलं असतं तरी दोन्का सुटली असती. सगळं कळत असून ज्यानं कापलं, तो जास्त वेडा की कमी? कुणाला विचारायचं हे?

नउमनं घराकडे एक नजर टाकली, मग खुर्ची पुढे ओढली.

"इकडे ये, वेसा," तो हळूच म्हणाला.

वेसा तिची आई. तरी दोन्कानं त्याची चूक दुरुस्त केली नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"बोल," ती म्हणाली.

"पोरीनं फ्रिजवर कागद लावलाय. वर पलंगाचं चित्र, खाली माझं नाव. मला इंग्रजी येत नाही, पण नाव कळतं की माझं. म्हणजे जुलैत मी इथे नसणार. छाटायचं तिला येत नाही, किरोला तर नाहीच नाही. तशीच सोडली तर वेलीचं रान होतं, मग ती फळ धरत नाही. म्हणून आजच उरकून टाकलं. यंदाची द्राक्षं गेली, जाऊ देत." त्यानं तिचा हात धरला. "दोन्काला सांगू नकोस हं, मी वाचलं ते. पोरीला वाईट वाटेल."

दोन्काला रडू आवरेना. आवरून तरी काय करायचं होतं?

"नाही सांगत," ती म्हणाली.

"रडतेस काय? पुढच्या वर्षी लागतील की द्राक्षं."

"पुढच्या वर्षी छाटणार कोण?"

नउम विचारात पडला. "तिला शिकवायला हवं होतं. हात चांगला आहे तिचा. मुलगी म्हणून मी कधी कात्री दिलीच नाही, गाढव मी."

"मग मला दाखव. मी शिकवते तिला."

त्यानं वर उरलेल्या मांडवाकडे पाहिलं, आणि मान हलवली. "आत्ता काय दाखवू? पानांत काडीवरचे अंकुराचे डोळे मोजता येत नाहीत. छाटणी शिकायची ती उघड्या काडीवर. जुलैत."

"जुलैत असशील तू?"

"ठेवलंस तर असेन," नउम म्हणाला.

हे तो वेसाला म्हणाला की तिला, ते दोन्काला काही कळलं नाही. त्याच्या डोळ्यांत बघूनही कळलं नाही.

"ठेवते," ती म्हणाली.